कडेवरचं नाव

मंडळी, १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावात आहे. तेव्हा खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत ट्रंकेच्या तळाशी बिल्ले निघतात यात नवल नाही. नवल वाटतं ते अशी जुनी लष्करी पदकं जमवणाऱ्यांचं. नव्या माणसाला आधी हवं असतं आझाद हिंदचं पदक. शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद! नावं ऐकूनच अंगावर काटा येतो, कबूल. नेताजींनी १९४२ मध्ये जर्मनीत ती सुरू केली, व्हिएन्नाच्या सूवाल या पदकं बनवणाऱ्या कारखान्यानं ती घडवली. पण त्यांवर मानकऱ्याचं नाव कोरलेलं नसतं आणि बाजारात नकला अमाप. कागदपत्रांवाचून कुणी असं पदक पुढे केलं, तर त्याचा चहा घ्या आणि घरी या.

मी आज आणलंय ते स्वस्तातलं. १५ ऑगस्ट १९४७ ला सैन्यात असलेल्यांना मिळालेलं स्वातंत्र्य पदक, तांबं-निकेलचं. फीत केशरी, पांढरी, हिरवी. एका बाजूला अशोकाचे सिंह, दुसरीकडे अशोकचक्र. आता चक्राच्या माथ्यावर बघा. मुकुट! आणि भोवती सहाव्या जॉर्जची लॅटिन बिरुदावली. स्वातंत्र्याचं पदक, तेही राजाच्या नावानं. प्रजासत्ताक व्हायला १९५० उजाडलं. मधली अडीच वर्षं देश कसल्या अवघड जागी उभा होता ते या एवढ्याशा धातूत दिसतं. ढिगानं मिळतं म्हणून लोक याला हात लावत नाहीत, हे मला पटत नाही.

कारण याची कड फिरवा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं तिथं आहे. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकावरही असंच नाव असतं, पण चांदीच नडते. इराकमधल्या कूट शहराच्या, १९१६ पर्यंत चाललेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. अशा माणसाचं पदक सोनाराच्या मुशीत गेलं की नाव कायमचं गेलं. पितांबरीनं घासणं हाही खूनच, फक्त सावकाश. एकाच शिपायाची चार पदकं चार गिऱ्हाइकांना विकणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. आणि ही पहिल्या युद्धाची पदकं आता शंभरी ओलांडून गेली. १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे ती परदेशी गिऱ्हाइकाला पाकिटात घालून पाठवता येत नाहीत.

काही घरांत राजाचं पदक आणि १९७२ चं स्वातंत्र्यसैनिकाचं ताम्रपत्र एकाच ट्रंकेत असतं. एक भाऊ पलटणीत, दुसरा चळवळीत. यातलं एक उचलून नेऊ नका. विकायचं नसेल तर मागूही नका. कडेवरची अक्षरं वहीत उतरवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, गाव लिहून घ्या. आणि विचारायचं तर घरातल्या थोरल्या सूनबाईंना विचारा. ट्रंकेची किल्ली त्यांच्याकडे असते.