लाकडातून रस्त्यावर उतरलेले प्राणी

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका अमेरिकन कलावंताविषयी बोलायचं आहे. नाव डेनिस मॅकनेट. हा माणूस लाकडावर प्राणी कोरतो, कोरलेल्या लाकडाला शाई लावतो आणि कागदावर छाप घेतो. एवढं तर बरेच मुद्राचित्रकार करतात. पण मॅकनेट ते कागद चौकटीत घालून गप्प बसत नाही. तो प्राण्यांच्या मोठमोठ्या आकृती उभारतो, मुखवटे करतो आणि त्यांना या छापील कागदांची कातडी चढवतो. मग ते मुखवटे घातलेल्या माणसांची रस्त्यातून मिरवणूक निघते. चित्र, नाटक आणि जत्रा, तिन्ही एकदम.

त्याचा सगळ्यांत गाजलेला प्राणी म्हणजे वुल्फबॅट. डोकं लांडग्याचं, पंख वटवाघळाचे. त्याच्या स्टुडिओचंही नाव तेच. ऐंशीच्या दशकातल्या स्केटबोर्डांवरची रांगडी चित्रं बघत तो वाढला. पुढे उत्तर युरोपातल्या नॉर्स पुराणकथांनी त्याला ओढून घेतलं. आणि त्याला चित्रकलेची गोडी कुणी लावली? आजोबांनी. आजोबांना दिसत नव्हतं, पण तुझी चित्रं छान आहेत, असं त्यांनी या नातवाला सांगितलं, आणि तो चित्रं काढत राहिला.

मला हे फार मोलाचं वाटतं. मुलानं पाच पायांचा घोडा काढला, की आपण लगेच पाय मोजायला बसतो. नका मोजू. त्या पाचव्या पायाचं काय काम आहे ते त्याला विचारा, तो तुम्हाला सगळं नीट समजावून सांगेल.

असो. लाकडी ठशाचं तंत्र थोडक्यात सांगतो. रबरी शिक्का सगळ्यांनी हाताळलेला आहे, तत्त्व तेच. कोरून काढलं ते पांढरं, राखलं ते काळं. पुन्हा सांगतो, कोरून काढलं ते पांढरं, राखलं ते काळं. चित्र कागदावर उलटं उमटतं, डाव्याचं उजवं होतं. आणि एकाच ठशातून एक नाही, शेकडो चित्रं निघतात. ही शेकडोंची गोष्ट ध्यानात ठेवा, कारण आता मी तुम्हाला एका गेंड्याची हकीकत सांगणार आहे.

साल 1514. पोर्तुगीजांचा भारतातला गव्हर्नर अफोन्सो दे अल्बुकर्क याला दीवमध्ये किल्ला बांधायचा होता. त्यानं गुजरातच्या सुलतानाकडे, दुसऱ्या मुझफ्फरशाहाकडे, वकील पाठवले. सुलतानानं किल्ल्याला नकार दिला, पण पाहुण्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? त्यानं भेटी दिल्या, आणि त्या भेटींत होता एक जिवंत गेंडा! आता गेंडा ठेवायचा कुठे? अल्बुकर्कनं तो जहाजात चढवला आणि थेट आपल्या राजाकडे पाठवून दिला. आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिने समुद्रावर हेलकावे खात, मे 1515 मध्ये गेंडा लिस्बनच्या बंदरात उतरला.

लोक बघायला लोटले. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिलाच नव्हता. हत्ती आणि गेंडा यांचं हाडवैर असतं, असं प्राचीन रोमन लेखक प्लिनी लिहून गेला होता. राजा मानुएलला ते पडताळून पाहायचं होतं. 3 जूनला अंगण बंदिस्त केलं, दरबार भरला, प्रेक्षक दाटीवाटीनं उभे राहिले. एका बाजूनं हत्तीचं पिल्लू आणलं, दुसऱ्या बाजूनं गेंडा. गेंडा सावकाश पुढे सरकला, आणि हत्तीनं जी धूम ठोकली, ती थांबलाच नाही. लढत सुरू व्हायच्या आधीच गेंडा जिंकला.

ही वार्ता पत्रातून जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात पोचली, सोबत गेंड्याचं एक रेखाटनही. तिथे आल्ब्रेश्ट ड्यूरर हा थोर चित्रकार राहत होता. ड्यूररनं गेंडा पाहिलेला नव्हता. पुन्हा सांगतो, ड्यूररनं गेंडा कधीच पाहिला नाही. पत्रातलं वर्णन आणि ते रेखाटन, एवढ्या भांडवलावर त्यानं चित्र काढलं आणि त्याचा लाकडी ठसा तयार झाला. कातडीच्या घड्यांचं त्यानं चक्क चिलखत केलं, पत्र्यावर पत्रा बसवल्यासारखं. पायांवर खवले घातले. आणि मानेच्या मागे, पाठीवर, आणखी एक छोटं पिळदार शिंग! असलं शिंग कुठल्याही गेंड्याला नसतं.

आणि तो खरा गेंडा? राजानं त्याला हिरव्या मखमलीचा पट्टा घातला आणि रोमला पोप दहाव्या लिओंकडे भेट म्हणून रवाना केलं. 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात सापडलं आणि बुडालं. गेंडे चांगले पोहतात. पण हा साखळदंडांनी डेकला जखडलेला होता. मला दर वेळी इथे थांबावंसं वाटतं. जनावरं नजराणे म्हणून पाठवण्याची ती पद्धतच दुष्ट होती.

खरा गेंडा बुडाला, ठशातला गेंडा मात्र युरोपभर फिरला. ड्यूरर 1528 मध्ये वारला, त्यानंतरही त्या ठशाच्या आवृत्त्या निघत राहिल्या. जवळजवळ अडीचशे वर्षं युरोपातल्या ग्रंथांत गेंडा म्हणून हाच छापला जात होता, पाठीवरच्या शिंगासकट. ही ताकद शेकडो प्रतींची. एकच चित्र असतं तर एखाद्या महालात पडून राहिलं असतं.

मॅकनेटचा वुल्फबॅट मला याच गेंड्याच्या कुळातला वाटतो. फरक इतकाच, की लिस्बनमध्ये आधी खेळ झाला आणि मग ठसा आला. मॅकनेटकडे आधी ठसा येतो, मग खेळ. आणि त्याच्या खेळात कुणाला साखळदंड नाहीत. प्राण्याच्या आत माणूस असतो, आपखुशीनं शिरलेला.

अमेरिकेत मुद्राचित्रकारांचे आणखी एक सामुदायिक कार्यक्रम होतात, तेही सांगतो. दारापेक्षा मोठ्या फळ्या कोरायच्या, शाई लावून रस्त्यावर मांडायच्या, वर कापड अंथरायचं आणि त्यावरून रोडरोलर फिरवायचा. भोवती गर्दी जमते. कापड उचललं, की लोक ओरडतात, टाळ्या वाजवतात. छपाई हाच प्रयोग होऊन जातो.

आता एक गोष्ट मला खटकते. मुद्राचित्राच्या खाली कोपऱ्यात पेन्सिलनं आकडे लिहिलेले असतात, समजा 3/20. म्हणजे वीस प्रतींतली तिसरी. एकविसावी काढायची नाही, म्हणजे भाव चढतो. कलावंतांनाही पोट आहे, हे मला मान्य आहे. पण ज्या कलेचा जन्मच पुष्कळांसाठी झाला, तिला विसावर अडवून धरणं मला पटत नाही. निदान एक ठसा तरी प्रत्येकानं असा ठेवावा, ज्याच्या प्रती मोजायच्या नाहीत.

ड्यूररच्या गेंड्याचं मूळ रेखाचित्र आणि छाप, दोन्ही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. शोधून बघा, आणि शेजारी मॅकनेटचा एखादा लांडगा ठेवून बघा. आधी पांढऱ्या रेषा बघा, हत्यार तिथून फिरलेलं असतं. मॅकनेटच्या लांडग्याची आयाळ निरखा, कोरणी कुठून शिरली आणि कुठे बाहेर पडली, ते रेषेगणिक कळतं.

वेळ संपली. नमस्कार.