उभं राहिल्यावरचा रक्तदाब

[दृश्य: खुर्चीत पाठ टेकून बसलेले एक वृद्ध गृहस्थ. दंडावर बीपीच्या यंत्राचा पट्टा.]

निवेदन:
"या वयात बीपी थोडं वाढणारच." ऐंशी ओलांडलेल्या माणसाबद्दल हे इतक्या सहज म्हटलं जातं, की पुढे कुणी काही विचारतच नाही.

वयाबरोबर रोहिण्या ताठर होतात. हृदयाच्या ठोक्यासरशी त्या पुरेशा फुगत नाहीत. मग वरचा आकडा चढतो, खालचा मात्र तिथेच राहतो, कधी उतरतोसुद्धा. 170 आणि 75. खालचा ठीक आहे म्हणून घरचे निर्धास्त होतात. पण उतारवयात पक्षाघाताचा धोका सांगतो तो मुख्यतः वरचा आकडा.

तो कमी केला तर फायदा होतो का? 1991 साली अमेरिकेतल्या 'शेप' चाचणीचे निष्कर्ष आले. साठीच्या पुढच्या, फक्त वरचा दाब वाढलेल्या 4,736 जणांपैकी औषध घेणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण 36 टक्क्यांनी घटलं. ऐंशीच्या पुढच्यांबद्दल तरीही शंका उरली होती. तिचं उत्तर 2008 मध्ये 'हायव्हेट' चाचणीने दिलं. तिथे लक्ष्य माफक होतं, 150 आणि 80. तरीही उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यू 21 टक्क्यांनी कमी झाले आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. तेव्हा केवळ वयाकडे बोट दाखवून उपचार नाकारणं हा त्या माणसावर अन्याय आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

[दृश्य: गृहस्थ टेबलाचा आधार घेत सावकाश उभे राहतात. पट्टा दंडावरच.]

निवेदन:
या चाचण्यांमधली एक गोष्ट मात्र फार कमी सांगितली जाते. सहभागी करून घेताना प्रत्येकाचा दाब उभं करूनही मोजला होता. उभं राहिल्यावर वरचा आकडा 140 च्या खाली गेला, तर 'हायव्हेट'मध्ये प्रवेश नव्हता. पुढे 'स्प्रिंट' चाचणीत 120 च्या खालचं लक्ष्य ठेवलं. तिथे ही मर्यादा 110 होती. वृद्धाश्रमात राहणारे आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्णही तिच्यात नव्हते. म्हणजे हे निष्कर्ष स्वतःच्या घरी राहणाऱ्या, हिंडत्याफिरत्या वृद्धांना लागू पडतात. फार थकलेल्या, परावलंबी माणसाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

आणि तपासणी मात्र बहुतेक वेळा बसवूनच होते.

घरी हे करता येतं. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. बोलायचं नाही. दाब मोजायचा. मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. शेजारी कुणीतरी हवंच. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर ती नोंद डॉक्टरांपर्यंत गेली पाहिजे. रात्री लघवीला उठताना तोल जातो तो बऱ्याचदा अशाच उतारामुळे, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे कित्येकदा कायमचं अंथरूण.

म्हणूनच औषध थोड्या मात्रेने सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम घटू शकतं, त्यासाठी रक्त तपासावं लागतं. अ‍ॅम्लोडिपिन या दाबाच्या गोळीने काहींचे पाय सुजतात. आणि गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्या दाब वाढवतात; ती गोळी बहुतेकदा डॉक्टरांना सांगायची राहूनच जाते.

[दृश्य: टेबलावर वही. तारीख, वेळ, बसून, उभं राहून असे रकाने.]

निवेदन:
चक्कर आली म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. जुलाब-उलट्या होत असतील, खाणंपिणं सुटलं असेल, तरीही लगेच विचारा, कारण अशा वेळी काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात. पुढच्या तपासणीला जाताना ही वही आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, दुखण्याच्या धरून, सोबत न्या. डॉक्टरांनी उभं करून दाब मोजला नाही, तर मोजायला सांगा.