खांदा आंबलाय, की कळ येतेय?

नमस्कार श्रोतेहो. पोहण्याच्या तलावावर एखादं पोर खांदा चोळत बाहेर आलं, की मी आधी एवढंच विचारतो, "आंबलाय, की कळ येतेय?" आंबलेलं अंग दोन दिवसांत मोकळं होतं, आणि बहुतेक दोन्ही बाजूंना सारखंच दुखतं. कळेची जागा मूल एका बोटानं दाखवतं. वेणी घालायला हात वर नेला की ती येते, रात्री त्या कुशीवर वळलं की जागं करते.

सरावाचा हिशेब आम्ही कोच लोक मीटरमध्ये ठेवतो. खांदा मात्र हात मोजतो, म्हणजे पाण्यात किती वेळा हात मारला ते. 50 मीटर फ्रीस्टाइलला साधारण 40 हात धरा. 5 किलोमीटरला झाले 4000, म्हणजे एकेका खांद्याच्या वाट्याला 2000, तेही एका सकाळी. वेगवान गोलंदाजानं दिवसात 20 षटकं, म्हणजे 120 चेंडू टाकले, तर घरोघरी त्याच्या खांद्याची चर्चा होते!

या दुखण्याला 'स्विमर्स शोल्डर' हे नाव 1974 साली केनेडी आणि हॉकिन्स या डॉक्टरांनी दिलं. खांद्याचा गोळा जागेवर धरून ठेवणारे छोटे स्नायू थकले, की तो नीट सांभाळला जात नाही आणि सगळा ताण त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांवर येतो.

आमच्याकडे हे दुखणं हमखास एप्रिलमध्ये उगवतं. दहावीसाठी दोन-तीन महिने पोहणं बंद, आणि परीक्षा संपली की पहिल्याच आठवड्यात जुनं अंतर. वर हाताला पॅडल, म्हणजे पाणी जास्त ढकलायला तळव्याला लावायच्या प्लास्टिकच्या चकत्या. ही चूक मी स्वतः केलेली आहे. अशाच परतलेल्या एका मुलीचा दम टिकला, वेळही बरी आली, म्हणून मी खूश होतो. तिसऱ्या आठवड्यात तिला दप्तर पाठीवर घेता येईना. आता परतलेल्या मुलांना मी निम्म्याहून कमी अंतरावर सुरू करतो, दर आठवड्याला थोडंच वाढवतो, आणि पॅडल महिनाभर कपाटात.

आणखी एक. खांदा दुखतोय म्हटल्यावर "मग नुसती किक मार" म्हणून हातात किकबोर्ड, म्हणजे धरून पाय मारायची तरंगती फळी, दिला जातो. पण बोर्ड धरून हात डोक्यापुढे ताणलेला राहिला, की दुखरा खांदा आणखी चिडतो. त्यापेक्षा उताणं व्हायचं, हात अंगालगत, आणि पाय मारायचे. त्या मुलीनं पंधरा दिवस तेच केलं. कानात पाणी जातं म्हणून रोज कुरकुरायची, खांद्याचं मात्र नाव काढलं नाही.