पहिल्या नोकरीचा अर्ज

नमस्कार श्रोतेहो.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकच विचारतो, "मग, कुठे अर्ज केलास का?" हा प्रश्न ज्यांना रोज ऐकावा लागतो, त्या मुलामुलींशी मला आज बोलायचं आहे. अंधेरीच्या एका कंपनीत मी बरीच वर्षं नोकरभरतीचं काम केलं. त्या काळात शेकडो अर्ज वाचले. वाचताना जीव तुटायचा तो एकाच गोष्टीनं. मुलांनी केलेलं असतं खूप, पण ते अर्जात येतच नाही.

कल्याणच्या एका मुलीचा बायोडेटा आठवतो. बी.कॉम. झालेली, अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी आलेली. सुरुवातीलाच इंटरनेटवरून उचललेला परिच्छेद होता, 'नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवणे' वगैरे. मग मेहनती, प्रामाणिक, वेळेची पक्की. खाली वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद गाणी ऐकणे. अनुभवापुढे लिहिलं होतं, निरंक. सहज विचारलं, कॉलेज सुटल्यावर काय करायचीस? म्हणाली, मावशी घरून डबे देते, तिचा हिशेब बघते. 40 डबे. कुणाचा कोणत्या दिवशी खाडा, कुणाचे पैसे थकले, जीपेवर आलेली रक्कम महिनाअखेरीला जुळते का, सगळं एक्सेलवर. मग हे लिहिलं का नाहीस? तर म्हणाली, "मॅडम, ते घरचं काम आहे."

श्रोतेहो, ते घरचं काम नाही, तो अनुभव आहे. 'घरगुती डबा व्यवसायाचा 40 ग्राहकांचा मासिक हिशेब एक्सेलवर ठेवते, थकबाकीचा पाठपुरावा करते', एवढी एक ओळ त्या अख्ख्या पानापेक्षा भारी होती. तुम्ही कसे आहात हे सांगू नका, काय केलंत ते सांगा. मंडळाच्या वर्गणीचं पावतीपुस्तक सांभाळलं असेल, सुट्टीत मेडिकलच्या दुकानात काउंटरला उभे राहिला असाल, चाळीतल्या पोरांची शिकवणी घेतली असेल, ते लिहा. किती, कुठे, किती महिने, तेही लिहा. आणि खरं असेल तेवढंच लिहा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच ओळीवर येतो.

पहिल्या नोकरीला एक पान पुरतं. जाहिरातीत टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, मागितलं असेल आणि तुम्हाला येत असेल, तर ते वरच दिसू द्या. फाईलला तुमचं नाव द्या. आणि अर्ज पाठवल्यावर अनोळखी नंबरचा फोन उचला. दोनदा फोन करून उत्तर आलं नाही की आम्ही पुढच्या नावाकडे वळायचो.

आता शोधायचं कुठे? राज्य सरकारचं महास्वयम् आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, दोन्ही पोर्टलवर नावनोंदणी फुकट आहे. आयटीआय झालेल्यांनी अप्रेंटिसशिपकडे, म्हणजे काम करत शिकण्याच्या उमेदवारीकडे, पाठ फिरवू नये. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली तिथे विद्यावेतन मिळतं, आणि आपल्या मुंबईत रेल्वेचे वर्कशॉप, माझगाव डॉक अशा ठिकाणी अप्रेंटिस घेतले जातात. याशिवाय ओळखीत शब्द टाका. आपल्याकडे त्याची फार भीड वाटते, वशिला लावल्यासारखं वाटतं. जागा रिकामी आहे का एवढं विचारणं म्हणजे वशिला नव्हे. मुलाखत तुमची तुम्हालाच द्यायची असते.

एका बाबतीत मात्र मी हात जोडून सांगते. नोकरीसाठी पैसे देऊ नका. लोकलच्या डब्यात चिकटवलेली 'घरबसल्या कमवा' ही कागदं, व्हॉट्सॲपवर येणारी डेटा एंट्रीची कामं, आणि 'रजिस्ट्रेशन फी', 'युनिफॉर्मचं डिपॉझिट', 'ट्रेनिंगचे पैसे' मागणारी माणसं यांच्यापासून लांब राहा. सरकारी भरतीची परीक्षा फी असते, ती अधिकृत जाहिरातीत छापलेली असते. ती गोष्ट वेगळी. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. आणि मूळ मार्कशीट कुणाच्याही ताब्यात देऊ नका. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ प्रत परत घरी आणायची.

निवड झाली की पगाराचा आकडा सांगतात तो बहुतेक वेळा सीटीसीचा, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च, असतो. समजा तो महिन्याला 22,450 रुपये आहे. त्यात मालकाचा पीएफचा, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा, वाटा 1,800 आणि ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, 650 धरलेला असतो. म्हणजे पगार झाला 20,000. त्यातला बेसिक, म्हणजे मूळ पगार, 15,000 असेल तर तुमचा पीएफ 12 टक्क्यांनी 1,800 कापला जातो, ईएसआय 150, आणि व्यवसाय कर 200. मुलगी असेल तर आपल्या राज्यात 25,000 पर्यंतच्या पगाराला तो कर नाही. मुलाच्या हातात पडतात 17,850. पीएफ तुमच्याच नावावर साठतो, तो वाया जात नाही, पण महिना काढायचा असतो हातातल्या पैशांवर. डोंबिवलीहून बीकेसीला रोज जायचं, तर विद्यार्थी सवलतीचा पास आता मिळणार नाही. पूर्ण पास, स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा, दुपारचा चहा, हे सगळं वहीत मांडा आणि मगच होकार कळवा.

ऑफर लेटरमध्ये ही फोड दिलेली नसेल तर एचआरला मेल करून मागवा. घाबरू नका. असा मेल आला म्हणून आम्ही एकाही मुलाची नेमणूक कधी रद्द केली नाही.

नमस्कार.