ठराव संमत होतो तो कुणाच्या मतांनी?

बेलफास्टजवळचं स्टॉरमाँट. जून १९९६. उत्तर आयर्लंडमधल्या रक्तपाताला पंचवीस वर्षं उलटून गेली आहेत, आणि तो थांबवायला नऊ पक्ष एका इमारतीत जमले आहेत. पहिला वाद कशावरून? अध्यक्ष कोण, यावरून. अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल खुर्चीत बसले, तेव्हा १२ जूनची मध्यरात्र उलटून गेली होती. त्यानंतर तीनच दिवसांनी मँचेस्टरमध्ये प्रचंड बॉम्बस्फोट झाला. आणि इकडे जवळपास सात आठवडे घोळ चालला तो कामकाजाच्या नियमांचा.

वेळकाढूपणा? मला तसं वाटत नाही. एकमेकांवर काडीचाही विश्वास नसलेली माणसं आधी एवढंच विचारतात: संख्येच्या जोरावर मला दाबणार तर नाही ना?

२९ जुलैला नियम ठरले. त्यांचा गाभा होता ‘पुरेशी सहमती’. शक्यतो एकमत करायचं. ते होईना, तर ठरावाच्या बाजूनं निम्म्याहून जास्त पक्ष हवेत. शिवाय मे महिन्यातल्या निवडणुकीची मतं मोजून, ब्रिटनसोबत राहू पाहणाऱ्या युनियनवाद्यांमध्येही बहुमत हवं आणि आयर्लंडशी एकीकरण मागणाऱ्या राष्ट्रवाद्यांमध्येही.

आता आकडे बघा. १९९७ मध्ये सिन फेन हा राष्ट्रवाद्यांचा पक्ष चर्चेत आला, तसे इयान पेस्ली यांचा पक्ष आणि आणखी एक युनियनवादी पक्ष बाहेर पडले. उरला अल्स्टर युनियनिस्ट पक्ष. त्याची मतं २४ टक्के, पण सगळ्या युनियनवादी पक्षांची मिळून ५२! म्हणजे निम्म्यालाही दोन टक्के कमी. ही तूट भरून काढू शकत होते दोनच छोटे पक्ष. दोघांची मतं मिळून सहा टक्क्यांच्या आत, आणि दोघांचेही धागे सशस्त्र गटांशी जुळलेले. त्या गटांची माणसं मेझ तुरुंगात होती.

जानेवारी १९९८. त्यांतल्या एका गटाच्या कैद्यांनी कौल दिला: चर्चेला आमचा पाठिंबा नाही.

९ जानेवारीला ब्रिटनच्या मंत्री मो मोलम स्वतः तुरुंगाच्या आत गेल्या. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्यांसमोर बसून बोलल्या. त्यावरून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पण मतांची ती बेरीज डोळ्यांसमोर ठेवली, तर दुसरा कुठला दरवाजा त्यांच्यासाठी उघडा होता?

काही तासांत कैद्यांनी निर्णय फिरवला. १२ जानेवारीला चर्चा पुन्हा सुरू झाली. १० एप्रिलला करार झाला.