सात मिनिटांचा नियम

(दृश्य : केंब्रिज विद्यापीठाचं ग्रंथालय. टेबलावर उघडलेली जुनी वही. पानावरून सरकणारा कॅमेरा.)

ही एका विद्यार्थी मंडळाची इतिवृत्ताची वही आहे. सभा कोणत्या तारखेला भरली, कुणाच्या खोलीत भरली, टिपण कुणी वाचलं, नंतर कोण काय बोललं, हे कुणीतरी बसून हातानं लिहून काढलंय. शाई कुठे फिकी, कुठे दाट. चिटणीस बदलला की अक्षर बदलतं. काही चिटणीस चार ओळींत आटोपतात, काहींनी वाद अगदी तपशिलात उतरवून ठेवलाय.

वही आहे मॉरल सायन्सेस क्लबची. केंब्रिजमधल्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांचं हे मंडळ १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं आणि आजही चालू आहे. रसेल, मूर, विट्गेनस्टाइन ही विसाव्या शतकातली नामवंत तत्त्वज्ञ मंडळी या वह्यांमध्ये भेटतात, आणि बहुतेक अभ्यासक त्यांच्या शोधात या वह्या मागवतात. आम्ही शोधत होतो मंडळाचा कारभार. इथलं दार कुणाला उघडं होतं? आधी कोण बोलायचं? आणि एखादा थांबायला तयारच नसेल, तर त्याला थांबवायचं कुणी?

(दृश्य : सेंट जॉन्स कॉलेज. कॅम नदीवरचा पूल, सायकली.)

सुरुवात या कॉलेजातून झाली. आल्फ्रेड काल्डिकॉट हा इथला विद्यार्थी. तेव्हा केंब्रिजमध्ये तत्त्वज्ञान हा स्वतंत्र विषय नव्हता. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्रसुद्धा एकाच परीक्षेत बसवलेलं होतं, आणि त्या सगळ्याला मिळून मॉरल सायन्सेस म्हणत. परीक्षेला बसणारी मुलं थोडी. वर्गात प्राध्यापक बोलणार आणि मुलं उतरवून घेणार. पण तत्त्वज्ञान उतरवून घेऊन येत नाही. आपण काहीतरी म्हणावं, समोरच्यानं ते खोडावं, मग आपण घरी जाऊन रात्रभर त्यावर विचार करत बसावं, असं ते येतं. त्यासाठी जागा लागते. काल्डिकॉट आणि त्याच्या सोबत्यांनी ती जागा केली. कॉलेजातली एक खोली, एक टिपण, आणि त्यावर चर्चा.

(दृश्य : न्यूनहॅम कॉलेज. लाल विटांच्या इमारती. मग ब्राँझच्या फाटकाचं जवळून चित्रण.)

आता हे फाटक पाहा. हे न्यूनहॅम कॉलेजचं, म्हणजे मुलींच्या कॉलेजचं. १९२१ साली मुलींना पदवी द्यावी की नाही यावर विद्यापीठात मतदान झालं आणि मुली पुन्हा हरल्या. त्यांना नावापुरती पदवी मिळाली, विद्यापीठात सभासदाचा हक्क मिळाला नाही. त्या रात्री विद्यार्थ्यांचा एक जमाव हातगाडी घेऊन इथे आला आणि ती गाडी आदळून त्यांनी हे फाटक फोडलं.

(दृश्य : १८९७ सालचं छायाचित्र. सिनेट हाउस या विद्यापीठाच्या इमारतीसमोरची गर्दी. वर दोरीला टांगलेला सायकलवरच्या बाईचा पुतळा.)

त्याआधीचं मतदान १८९७ च्या मे महिन्यातलं. सतराशेहून जास्त मतं विरोधात, बाजूनं साडेसहाशेच्या आसपास. निकालाची वाट पाहणारी ही गर्दी. वर सायकलवर बसवलेला पुतळा शिकणाऱ्या बाईचा आहे. छायाचित्र थोडं थांबून बघा. खाली उभे असलेले चेहरे अठरा-वीस वर्षांच्या मुलांचे आहेत.

(दृश्य : पुन्हा वही.)

आणि दोनच वर्षांनी, १८९९ च्या डिसेंबरमध्ये, याच गावात मॉरल सायन्सेस क्लबच्या सभेत एमिली एलिझाबेथ कॉन्स्टन्स जोन्स यांनी टिपण वाचलं. सभेला केंब्रिजमधले ज्येष्ठ तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक होते.

जोन्स गर्टन कॉलेजच्या, म्हणजे मुलींच्याच दुसऱ्या कॉलेजच्या. १८८० साली परीक्षेत पहिल्या वर्गात आल्या, पण पदवी नाही, कारण त्या बाई होत्या. पुढे गर्टनमध्येच शिकवायला लागल्या. १८९० साली त्यांनी तर्कशास्त्रावर पुस्तक लिहिलं. 'अ हा ब आहे' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय सांगतो, या प्रश्नाला त्या त्यात भिडल्या. दोन वर्षांनी जर्मनीत तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे यांनी शब्दाचा अर्थ आणि शब्द ज्याच्याकडे बोट दाखवतो ती वस्तू यांतला जो भेद मांडला आणि ज्यावरून त्यांचं नाव आज प्रत्येक वर्गात घेतलं जातं, त्याच्या अगदी जवळचं काहीतरी जोन्स यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव शोधून पाहा.

(दृश्य : गर्टन कॉलेजकडे जाणारा रस्ता. सायकलवरून घेतलेलं लांबलचक चित्रण.)

हा रस्ता आम्ही मुद्दाम पूर्ण चित्रित केला. गर्टन गावाबाहेर आहे, तीन-चार किलोमीटरवर. मुली मुलांपासून लांब राहाव्यात म्हणूनच ते तिथे बांधलं. सभा भरायच्या संध्याकाळी, त्याही पुरुषांच्या कॉलेजातल्या खोल्यांत. त्या काळी मुलीला अशा ठिकाणी जायचं तर सोबतीला कुणीतरी वडीलधारी बाई लागायची. म्हणजे मंडळानं दार उघडलं असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्या दारापर्यंतचा हा रस्ता, हा अंधार आणि ती सोबतही मोजली पाहिजे. मंडळाच्या नियमांत 'सर्वांना प्रवेश' असं लिहिणं सोपं असतं. सभेची वेळ आणि जागा ठरवताना खरं कळतं की 'सर्व' म्हणजे कोण.

विद्यापीठानं बायकांना पूर्ण पदवी दिली १९४८ साली.

(दृश्य : ट्रिनिटी कॉलेज, ह्यूएल्स कोर्ट. अरुंद जिना, वरच्या मजल्याची खिडकी.)

वर्ष १९१२, नोव्हेंबर महिना. ऑस्ट्रियाहून आलेला तेवीस वर्षांचा एक विद्यार्थी या खोल्यांत राहत होता. लुडविग विट्गेनस्टाइन. मंडळातल्या चर्चा त्याला भरकटलेल्या वाटायच्या. माणसं लांबलचक टिपणं वाचतात, चर्चेला वेळच उरत नाही, आणि चर्चा सुरू झालीच तर ती कुठल्याही दिशेला जाते. त्याच्या आग्रहावरून मंडळानं नवे नियम केले. एक, सभेला अध्यक्ष हवा आणि त्यानं चर्चा रुळावर ठेवायची. दोन, टिपण सात मिनिटांपेक्षा मोठं नको. त्याहून जास्त वेळ हवा असेल तर अध्यक्षांची परवानगी आधी घ्यायची.

पहिले अध्यक्ष जी. ई. मूर. आणि २९ नोव्हेंबरला विट्गेनस्टाइननं स्वतः टिपण वाचलं. विषय होता, तत्त्वज्ञान म्हणजे काय. वेळ लागला चार मिनिटं. आधीचा विक्रम जवळपास दोन मिनिटांनी मोडल्याची नोंद चिटणिसानं करून ठेवलीय.

(दृश्य : वहीतलं ते पान. 'चार मिनिटं' या नोंदीवर कॅमेरा स्थिरावतो.)

मंडळ चालवणाऱ्यांना हा नियम आम्ही पुन्हा पुन्हा दाखवू. तासभर टिपण वाचायचं तर तयारी लागते, वाचन लागतं, घरी पुस्तकं लागतात, भाषेवर हुकमत लागते. ज्याच्याकडे हे सगळं आहे तोच पुढे येतो. सात मिनिटं कुणालाही झेपतात. पहिल्या वर्षाची मुलगी एक प्रश्न घेऊन येऊ शकते आणि म्हणू शकते, मला इथवर कळलंय, पुढचं कळत नाही. बाकीचा दीड तास तिच्या प्रश्नाचा.

(दृश्य : किंग्ज कॉलेज. प्रार्थनामंदिर, हिरवळ, मग गिब्स बिल्डिंगचा एच जिना.)

नियम करणारा माणूस पुढे काय करतो हेही वह्यांत आहे. विट्गेनस्टाइन १९२९ साली केंब्रिजला परतला, तो मोठा होऊनच. आता सभेत तोच बोलायचा. दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यावर घ्यायचा, स्वतःच उत्तर शोधायला लागायचा, खोली त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. सी. डी. ब्रॉड यांच्यासारख्या प्राध्यापकानं सभेला येणंच सोडलं. सिगारेटच्या धुरात तासन्तास बसून हे पाहण्याची माझी तयारी नव्हती, अशा अर्थाचं त्यांनी नंतर लिहिलंय. तक्रारी वाढल्यावर विट्गेनस्टाइन काही काळ स्वतःहून बाजूला राहिला, मग पुन्हा आला. १९४४ साली तोच मंडळाचा अध्यक्ष झाला.

या जिन्यावरची तिसरी खोली. २५ ऑक्टोबर १९४६. पाहुणे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर. विषय, तात्त्विक समस्या खरोखर असतात का? शेकोटीजवळ रसेल बसलेले, खोली गच्च भरलेली. निखारे ढोसायची लोखंडी सळई विट्गेनस्टाइननं हातात घेतली, इतपत सगळे सांगतात. त्यानं ती रोखली, की नुसती बोलता बोलता हलवली, याबद्दल तिथे हजर असलेल्यांचंच एकमत कधी झालं नाही. थोड्या वेळानं तो निघून गेला.

ही गोष्ट जगभर सांगितली जाते, आणि सांगणारे सळईपाशी थांबतात. आम्हाला या खोलीतला आणखी एक माणूस दाखवायचाय. चिटणीस वस्फी हिजाब. पॅलेस्टाइनमधून, नाब्लूसहून आलेला विद्यार्थी. पॉपर यांना आमंत्रणाचं पत्र त्यानंच पाठवलं आणि त्या रात्रीचं इतिवृत्तही त्यानंच लिहिलं. सभेत वादाचं वातावरण नेहमीपेक्षा बरंच जास्त होतं, एवढंच तो नोंदवतो आणि मुद्द्यांकडे वळतो. साम्राज्याच्या दूरच्या कोपऱ्यातून आलेला एक मुलगा, आणि त्या काळातल्या तीन सर्वांत मोठ्या तत्त्वज्ञांपैकी कोण काय म्हणालं हे ठरवणारी लेखणी त्याच्या हातात. मंडळात पद सर्वांना खुलं असणं म्हणजे हे.

आणि त्या रात्रीची अडचणही कारभाराचीच होती. जो सर्वांत जास्त बोलणार, तोच अध्यक्ष. त्याला खाली बसा म्हणणार कोण? अध्यक्षानं वादात उतरायचं असेल तर खुर्ची सोडावी, हा साधा संकेत ग्रामपंचायतीच्या सभेलाही माहीत असतो.

त्याच वर्षी विट्गेनस्टाइनच्या वर्गात के. जे. शाह नावाचा भारतीय विद्यार्थी बसत होता. त्यानं काढलेल्या टिपणी पुढे छापल्या गेल्या, जगभरचे अभ्यासक त्या वाचतात. शाह नंतर धारवाडला कर्नाटक विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत होते. केंब्रिजमधली ती खोली आपल्यापासून वाटते तितकी लांब नाही.

(दृश्य : सिज्विक अव्हेन्यू. तत्त्वज्ञान विभागाची इमारत, रस्त्यापलीकडे न्यूनहॅम. आत येणारे विद्यार्थी, खुर्च्या लावणं.)

अलीकडच्या वर्षांत मंडळाच्या सभा न्यूनहॅममध्येही भरल्या आहेत. त्या फोडलेल्या फाटकाच्या आत. टिपणाला आता जास्तीत जास्त ४५ मिनिटं असतात, मग तासभर चर्चा.

चर्चा कशी चालवावी याचा विचार ब्रिटनमधल्या तत्त्वज्ञांच्या संघटनांनी गेल्या काही वर्षांत बारकाईनं केलाय. टिपण संपलं की लगेच प्रश्न घ्यायचे नाहीत, पाच मिनिटं थांबायचं. त्या पाच मिनिटांत लाजरा माणूस शेजारच्याला विचारून घेतो, माझा प्रश्न बरोबर आहे ना? हात ज्या क्रमानं वर येतील त्याच क्रमानं बोलू दिलंच पाहिजे असं नाही, कारण सर्वांत आधी हात वर करणारे नेहमी तेच असतात. जो अजून बोललेला नाही त्याला आधी. एकानं एका वेळी एकच प्रश्न. आणि विद्यार्थी आधी, प्राध्यापक नंतर. तिकडे अमेरिकेत २०१३ साली विद्यार्थ्यांनीच 'मायनॉरिटीज अँड फिलॉसॉफी' हे जाळं उभारलं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात जे कमी दिसतात ते का कमी दिसतात, हा प्रश्न घेऊन. आज कितीतरी देशांत त्याच्या शाखा आहेत.

(दृश्य : महाराष्ट्रातल्या एका कॉलेजचा मोकळा वर्ग. फळा, बाकं, खिडकीतून दिसणारं एसटी स्थानक.)

आपल्याकडे प्रत्येक कॉलेजात वाङ्मय मंडळ असतं, विज्ञान मंडळ असतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मुलं कमी, म्हणून मंडळ नाही, असं सांगितलं जातं. केंब्रिजमध्येही मुलं कमीच होती, आणि मंडळ निघालं ते त्याच कारणानं. दहा जण पुरतात. बाकीचे इतिहासाचे, मराठीचे, गणिताचे येतील.

मंडळाची घटना, म्हणजे नियम, लिहायला बसाल तेव्हा आधी सभेची वेळ लिहा. शेवटची एसटी साडेसहाला असेल तर सभा साडेपाचला संपली पाहिजे, नाहीतर गावाकडून येणारी प्रत्येक मुलगी आपण नियमानं बाहेर ठेवली. जागा तळमजल्यावर घ्या, चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला जिना चढून तत्त्वज्ञान ऐकायला लावू नका. वर्गणी नको. टिपण मराठीत चालेल, इंग्रजीत चालेल, दोन्ही मिसळून चालेल, आणि प्रश्न ज्या बोलीत सुचला त्याच बोलीत विचारायचा, हे स्पष्ट लिहून ठेवा. न लिहिलं तर पहिल्याच सभेत कुणीतरी इंग्रजी सुरू करतो आणि अर्धा वर्ग गप्प होतो. चिटणीस दर सत्राला बदला, आणि ते पद आधी पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारा. अध्यक्षानं अध्यक्षपणच करायचं, त्या दिवशी त्याचं स्वतःचं मत बाजूला.

एक वही विकत आणा, दोनशे पानी. पहिल्या पानावर तारीख, जागा, हजर असलेल्यांची नावं. टिपण कुणी वाचलं, कोण काय म्हणालं. टिपण सात मिनिटांचं.