भारताला एवढा वेग कुणी दिला?

[दृश्य: हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, कातळाचे आडवे थर]

हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. हे थर साचत होते तेव्हा आपला भूपट्ट, म्हणजे भारताला वाहून नेणारा पृथ्वीच्या वरच्या कठीण थराचा तुकडा, उत्तरेकडे अक्षरशः धावत होता. वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास! आज तो जेमतेम ५ सेंटिमीटर सरकतो.

हा वेग हिंदी महासागराच्या तळावरच्या चुंबकीय पट्ट्यांवरून काढलाय, म्हणजे तळ तयार होताना खडकात उमटलेल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदींवरून. पण कारण काही त्या पट्ट्यांवर लिहिलेलं नाही. आणि एखादं बल घटकाभर बंद करून बघू, असा प्रयोग पृथ्वीवर करता येत नाही. तो करायचा तर संगणकातच.

[दृश्य: पडद्यावर पृथ्वीचा छेद, रंगीत जाळी]

कवचाखालच्या २,९०० किलोमीटर जाडीच्या खडकाच्या थराचे, म्हणजे प्रावरणाचे, असंख्य छोटे तुकडे पाडायचे. प्रत्येकाचं तापमान, घनता, चिकटपणा ठरवायचा. इथला खडक घनच, पण लाखो वर्षांच्या हिशेबात तो वाहतो. गणित सोडवायचं, काळ थोडा पुढे ढकलायचा, पुन्हा सोडवायचं. मग एकेक बल काढून बघायचं, वेग किती उरतो.

२०११ साली कँडी आणि स्टेगमन या भूवैज्ञानिकांनी बोट दाखवलं ते खालून वर आलेल्या तप्त स्तंभाकडे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाच्या नावाने ओळखला जाणारा हा स्तंभ, म्हणजे आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचा उगम. त्याने भारताला ढकललं आणि त्याच काळात आफ्रिकेला रोखलं, असं त्यांचं म्हणणं.

आपल्या सह्याद्रीशी जोडलेलं म्हणून हे उत्तर मनाला भावतं. पण धक्का ओसरल्यावरही भारत बराच काळ वेगातच होता. म्हणून मला २०१५ सालचं जगुट्झ, रॉयडन आणि सहकारी भूवैज्ञानिकांचं गणित जास्त पटतं. भारत आणि आशियाच्या मध्ये तेव्हा असलेल्या टेथिस महासागरात एकामागे एक अशा दोन ठिकाणी तळ खाली बुडत होता, म्हणजे मागच्या भूपट्टावरची ओढही दुहेरी. त्या दोन बुडत्या कडांमध्ये प्रावरण कोंडलेलं होतं. कडांची पूर्व-पश्चिम रुंदी घटून सुमारे ३,००० किलोमीटरवर आली, तशी त्याला बाजूंनी निसटायला वाट मिळाली आणि वेग वाढला.

अर्थात ही ओढ भारताचा वेग समजावते. आफ्रिका मंदावली कशाने, ते सांगत नाही. दोन्ही गोष्टी एकाच मॉडेलमधून निघाल्या पाहिजेत. स्तंभाला गणितातून वगळता येत नाही, तो यासाठीच.